ट्रॅक्टरचा गिअर पडत नाहीं तेव्हां

ज्या शेतकऱ्याच्या दारांत ट्रॅक्टर उभा आहे, त्यास यंत्राच्या नाना दुखण्यांशीं गांठ पडते. इंजिन तापतें, डिझेलच्या नळींत हवा शिरते, बॅटरी उतरते, चाक पंक्चर होतें. यांपैकीं बहुतेक दुखणीं डोळ्यांस दिसतात व त्यांवरील उपाय गांवांतल्या गांवांत होतात. गिअर न पडणें हें दुखणें मात्र निराळें आहे. तें बंद लोखंडी पेटीच्या आंत घडतें. मालकाच्या कानास खरखर ऐकूं येते व हातास दांड्याचा अडेलपणा जाणवतो, याहून अधिक त्यास कांहीं कळत नाहीं. म्हणून तो घाबरतो. आणि "पेटी उघडावी लागेल" असें कोणीं सांगितलें कीं तें निमूटपणें ऐकतो. प्रस्तुत लेखाचा हेतु इतकाच आहे कीं, पेटी उघडण्यापूर्वीं शेतकऱ्यानें स्वतः, एक फूटपट्टी व थोडा धीर यांच्या साह्यानें, दोष कोणत्या बाजूस आहे हें ठरवावें.

प्रथम घरचा अनुभव सांगतों. आमची जमीन भीमेच्या खोऱ्यांतील काळी, रब्बीची. ज्यांची शेती अशी आहे त्यांस हस्ताच्या पावसाचें मोल सांगावयास नको. पाऊस उघडतो, कांहीं दिवसांनीं वाफसा येतो, आणि मग ज्वारीच्या पेरणीस हातीं मोजके दिवस राहतात. वरची ओल उडून गेली कीं बीं कोरड्यांत पडतें, उगवण विरळ होते, व पुढील सारें वर्ष कडब्याची व दाण्याची तूट भोगावी लागते. सन २०१७ च्या ऑक्टोबरांत असा वाफसा आला त्या दिवशीं सकाळीं आम्ही ट्रॅक्टर चालू केला, तों एकही गिअर पडेना. दांडा पुढें नेला कीं खरखर, मागें नेला कीं खरखर.

आमच्याकडील चालक वयानें माझ्याहून वडील. घरांत सर्व त्यांस मामा म्हणतात. मामांनीं मे महिन्यांतच मला सांगितलें होतें, "दादा, गिअर जड पडतोय, एकदां बघून घेऊं." त्या वेळीं मुरूम वाहण्याचें भाडें चालू होतें, मीं लक्ष दिलें नाहीं. आतां तालुक्याच्या गांवाहून एक मिस्त्री आणविला. त्यानें दांडा दोनदां हलविला आणि सांगितलें, "पेटींतले दांत गेले. ट्रॅक्टर मधून फोडावा लागेल, आठ दिवस जातील." आठ दिवस म्हणजे वाफसा गेला. संतापाच्या भरांत मी मामांना बोलून गेलों कीं, दांत तुमच्याच हातून गेले, खर्च पगारांतून कापीन. मामा कांहीं बोलले नाहींत. थोड्या वेळानें इतकेंच म्हणाले, "इंजिन बंद करून बघूं या, दादा."

या एका वाक्यांत या दुखण्याच्या परीक्षेचें सारें मर्म आहे. तें समजण्यासाठीं आंतील रचना थोडक्यांत पाहिली पाहिजे.

गिअर कां अडतो

इंजिनाच्या मागच्या टोकास फ्लायव्हील हें जड चाक असतें. त्यास टेकून क्लच प्लेट असते, आणि तिच्या मागें जोरदार स्प्रिंगांनीं दाबणारी प्रेशर प्लेट असते. पाय वर असतो तेव्हां क्लच प्लेट या दोहोंमध्यें घट्ट धरली जाते व इंजिनाची गति गिअरच्या पेटींत पोंचते. पेडल दाबलें म्हणजे रिलीज बेअरिंग पुढें सरकतें, प्रेशर प्लेटचीं बोटें दाबलीं जातात, आणि प्लेट मोकळी होते. मग पेटींत जाणारा शाफ्ट हळूहळू थांबतो.

गिअर टाकणें म्हणजे पेटींतील दोन भागांचे दांत एकमेकांत गुंतविणें. उभ्या ट्रॅक्टरांत चाकांकडील भाग स्थिर असतो. इंजिनाकडील भागही थांबलेला असेल तर दांत गुपचूप बसतात. तो फिरत असेल तर दांतांवर दांत आपटतात. खरखर ऐकूं येते ती याचीच. जुन्या धाटणीच्या पेटींत संपूर्ण चक्रच शाफ्टवर सरकून दुसऱ्या चक्रांत शिरतें. कॉन्स्टंट मेश पेटींत चक्रें सदैव गुंतलेलीं असतात व दांतेरी कडें तेवढें सरकतें. सिंक्रोमेश पेटींत पितळी कड्यांच्या घर्षणानें दोन्ही भागांची गति प्रथम सारखी करून घेतली जाते. ही युक्ति सन १९२८ मध्यें अमेरिकेंतील कॅडिलॅक मोटारींत आली व पुढें मोटारींत सर्वत्र रूढ झाली. परंतु शेतांतील पुष्कळ ट्रॅक्टरांस ही सोय नाहीं, किंवा कांहीं गिअरांपुरतीच आहे. म्हणून मोटारीची संवय झालेला तरुण ट्रॅक्टरवर बसतो, चालत्या गाडींत गिअर बदलूं पाहतो, आणि खरखर झाली कीं पेटीस दोष देतो. आपल्या ट्रॅक्टरची पेटी कोणत्या प्रकारची आहे व कोणते गिअर ट्रॅक्टर उभा करूनच बदलावयाचे आहेत, हें सोबतच्या पुस्तिकेंत पाहून घेणें हें प्रत्येक मालकाचें पहिलें कर्तव्य होय.

पहिली परीक्षा: इंजिन बंद करून

ट्रॅक्टर सपाट जागीं उभा करावा, हातब्रेक लावावा, चाकांस दगडाची ओट द्यावी व इंजिन बंद करावें. मग पेडल पूर्ण दाबून एकामागून एक सर्व गिअर टाकून पाहावेत. क्वचित् दांतासमोर दांत येऊन दांडा अडतो. अशा वेळीं जोर न करतां दांडा न्यूट्रलमध्यें आणून, ओट काढून चाक किंचित् हलवावें व पुनः टाकून पाहावें.

बंद इंजिनावर सर्व गिअर सहज पडतात आणि चालू इंजिनावर मात्र खरखरतात, असें आढळलें तर दोष बहुधा पेटींत नाहीं. क्लच पूर्णपणें सुटत नाहीं असें समजावें. याउलट बंद इंजिनावरही दांडा अडत असेल तर क्लचला हात लावूं नये. दोष दांड्याच्या सांध्यांत किंवा पेटीच्या आंत आहे. आमच्या ट्रॅक्टरवर मामांनीं ही परीक्षा केली, आणि पहिल्यापासून रिव्हर्सपर्यंत सर्व गिअर लोण्यांत सुरी जावी तसे पडले. दांत झिजलेले असते तर पडलेला गिअर ओढीखालीं सुटून येतो. तसेंही मे महिन्यांत कधीं झालें नव्हतें. म्हणजे पेटी निर्दोष होती. मिस्त्री आमच्या देखत गप्प झाला.

दुसरी परीक्षा: पेडलची मोकळी चाल

पेडलवर हलकेंच बोट ठेवून दाबलें असतां आरंभीं तें विनासायास खालीं जातें व मग स्प्रिंगेचा जोर लागूं लागतो. या विनासायास चालीस मिस्त्री लोक फ्री प्ले म्हणतात. पेडलशेजारीं फूटपट्टी उभी धरून ती मोजावी. बऱ्याच ट्रॅक्टरांत ती साधारण २० ते ३५ मिलिमीटर असते. आपल्या ट्रॅक्टरचा नेमका आंकडा पुस्तिकेंत दिलेला असतो, व तोच प्रमाण मानावा.

ही चाल फार कमी झाली तर बेअरिंग बोटांस सतत टेकून राहतें, प्लेट पुरती दाबली जात नाहीं, आणि क्लच घसरतो. इंजिन ओरडतें पण ट्रॅक्टर ओढत नाहीं, जळका वास येतो. प्लेट झिजत जाते तसतशी चाल कमी होत जाते, हा नेहमींचा क्रम आहे. उलटपक्षीं चाल फार वाढली तर पेडल तळास टेकलें तरी प्लेट सुटत नाहीं, आणि गिअर खरखरतो. हे दोन दोष परस्परविरुद्ध आहेत, आणि एकावर केलेला अतिरेकी उपाय दुसरा दोष उत्पन्न करतो.

आमचेंही असेंच झालें होतें. एप्रिलांत भरलेली ट्रॉली ओढतांना क्लच घसरूं लागला, म्हणून मींच एका मुलाकडून सांध्याची दांडी सैल करविली. त्यानें ती अंदाजानें वाजवीपेक्षां अधिक सैल केली. मामा मे महिन्यांत सांगत होते तें दुखणें मींच निर्माण केलेलें होतें. मोजून पाहतां चाल ७० मिलिमीटर निघाली. लॉकनट सोडून दांडी फिरविली, चाल प्रमाणांत आणली व नट पुनः आवळला. चाल ठीक करण्याआधीं सांध्यांतील पिना व त्यांचीं भोकें झिजलीं आहेत काय हेंही पाहावें. झिजलेल्या पिनेवर केलेली जुळणी टिकत नाहीं. ज्या ट्रॅक्टरांत क्लच तेलाच्या दाबावर चालतो, त्यांत तेलाची पातळी पाहावी, गळती शोधावी व नळींत शिरलेली हवा काढावी. पेडल दोन-तीनदां भरभर दाबल्यावर गिअर पडूं लागला तर नळींत हवा असल्याचा संशय धरावा.

तिसरी परीक्षा: प्लेट चिकटली आहे काय

चाल ठीक केली तरी आमचा गिअर पडेना. तेव्हां मामांनीं आणखी एक परीक्षा केली. इंजिन बंद, दांडा न्यूट्रलमध्यें, ब्रेक मोकळा. चौघांनीं ढकलतांच ट्रॅक्टर सपाट अंगणांत हलला. मग वरचा गिअर टाकला, पेडल पूर्ण दाबून धरलें व पुनः ढकललें. ट्रॅक्टर जागचा हलेना. क्लच सुटला असता तर ट्रॅक्टर न्यूट्रलप्रमाणेंच हलला असता. अर्थात् प्लेट फ्लायव्हीलला गंजानें चिकटली होती.

कारणही लगेच सांपडलें. जूनपासून ट्रॅक्टर छपराखालीं उभा होता; छपराचा एक पत्रा वाऱ्यानें उचलला होता, आणि क्लचच्या पेटीवरील तपासणीचें झांकण उन्हाळ्यांत काढलेलें तें परत बसविलेलेंच नव्हतें. चार महिन्यांचें ओलसर पाणी आंत झिरपलें होतें. भाताची चिखलणी करणाऱ्या ट्रॅक्टरांसही हें दुखणें जडतें. अशा कामीं क्लचच्या पेटीच्या तळचें भोंक झांकून घ्यावें व काम आटोपतांच तें उघडून आंतील पाणी, चिखल वाहूं द्यावा, असें कित्येक पुस्तिकांत सांगितलेलें असतें. भोंक झांकण्याची आठवण पुष्कळांस राहते, उघडण्याची राहत नाहीं.

उपाय असा केला. इंजिन न्यूट्रलमध्यें अर्धा तास चालवून गरम केलें, बंद केलें, आणि पेडल पूर्ण दाबून लांकडाच्या ओंडक्यानें रात्रभर तसेंच ठेवलें. पुष्कळदां एवढ्यानेंच प्लेट सुटते. सकाळीं ती सुटली नव्हती. तेव्हां मोकळ्या रानांत वरचा गिअर टाकून, डिझेल बंद करण्याचा दांडा ओढून ठेवून, पेडल दाबलेलें असतांना पुढच्या हुकास सांखळी लावून आमची व शेजाऱ्याची अशा बैलांच्या दोन जोड्या जुंपल्या. तिसऱ्या हिसक्यास खट्दिशीं आवाज झाला आणि ट्रॅक्टर सुरळीत चालूं लागला. मामा जागेवर बसून ब्रेकवर पाय ठेवून होते. पुढें बैलांखेरीज कोणी नव्हतें. इंजिन चालू करून धक्के देऊन प्लेट सोडविण्याचाही एक प्रकार आहे, पण त्यांत ट्रॅक्टर एकाएकीं धांवण्याचा धोका असल्यामुळें तो जाणत्या माणसावांचून कोणीं करूं नये.

पेटीकडील दोष

बंद इंजिनावरही दांडा अडत असेल तर प्रथम बाहेरचें पाहावें. दांड्याचें रबरी झांकण फाटून आंत धूळ गेली आहे काय, खालचा गोल सांधा झिजला आहे काय, बाजूस दांडा असलेल्या ट्रॅक्टरांत जोडदांड्या वांकल्या वा सैल झाल्या आहेत काय, पायाखालील पत्रा दांड्यास अडतो काय, हें डोळ्यांनीं दिसतें. त्यानंतर तेल. पातळी पट्टीनें तपासावी. तेल ताकासारखें पांढुरकें दिसलें तर आंत पाणी गेलें असें समजून तें संपूर्ण बदलावें. हिंवाळ्यांत सकाळीं दांडा जड व तासाभरानें हलका होत असेल तर तेल फार दाट आहे किंवा फार जुनें झालें आहे. अनेक ट्रॅक्टरांत गिअर व हायड्रॉलिक यांस एकच तेल असतें, म्हणून दुकानदार देईल तें तेल न ओततां पुस्तिकेंतील प्रतीचेंच वापरावें. सिंक्रोमेश पेटीबाबत तर अधिकच जपावें. कांहीं तेलांतील गंधकयुक्त मिश्रणें पितळी कड्यांस मानवत नाहींत. तेल काढतांना बुडाशीं लोखंडाचे तुकडे किंवा पितळेचा कीस आला, तर मात्र पेटी उघडण्यास विलंब लावूं नये. फोर्क वांकणें, त्यास धरून ठेवणारी गोळी वा स्प्रिंग अडकणें, कड्याचे दांत बोथट होणें, हे दोष उघडल्याखेरीज दुरुस्त होत नाहींत.

चालविण्याच्या संवयी

क्लच व पेटी यांचें आयुष्य चालकाच्या पायावर व हातावर अवलंबून असतें. चालतांना पेडलवर पाय ठेवून बसूं नये. त्यानें बेअरिंग व प्लेट दोन्ही झिजतात. गिअर टाकण्यापूर्वीं इंजिनाची गति कमी करावी, पेडल तळापर्यंत दाबावें, मनांत तीन-चार अंक मोजावेत, मग दांडा हलवावा. ज्या ट्रॅक्टरांस दुहेरी क्लच आहे, त्यांत पेडल अर्धें दाबल्यानें चाकांची गति तुटते व पूर्ण दाबल्यानें पी. टी. ओ. ची तुटते, अर्ध्या पेडलवर रोटाव्हेटरचा दांडा टाकणारा मनुष्य यंत्राचे दांत स्वतः घासत असतो. दांड्यावर हात टेकून बसण्याची संवयही वाईट. त्यामुळें फोर्क नाहक घासला जातो.

दीर्घकाळ ट्रॅक्टर उभा राहणार असेल तेव्हां तो कोरड्या जागीं ठेवावा, पेडल दाबून अडकविण्याची कडी असल्यास ती लावावी, नसल्यास लांकूड अडकवावें, आणि पंधरवड्यांतून एकदां इंजिन चालू करून क्लच दाबून सोडावा.

जिवाचा प्रश्न

गिअर जड पडणें हा केवळ खर्चाचा प्रश्न नाहीं. उतारावर भरलेली ट्रॉली घेऊन जातांना चालक गिअर बदलूं गेला आणि दुसरा गिअर पडला नाहीं, तर ट्रॅक्टर न्यूट्रलमध्यें राहतो व मागील ओझें त्यास खालीं लोटतें. म्हणून उताराच्या माथ्यावर थांबून लहान गिअर टाकावा व तळापर्यंत तो बदलूं नये, क्लचही दाबूं नये. गिअरचा दांडा नीट बसत नसल्यास न्यूट्रल सुरक्षा-स्विच इंजिन चालू होऊं देत नाहीं. अशा वेळीं जमिनीवर उभे राहून स्टार्टरच्या दोन टोकांस पाना लावण्याची खोड पुष्कळांस आहे. ट्रॅक्टर गिअरमध्यें असेल तर तो त्याच क्षणीं त्या मनुष्याच्या अंगावर जातो. असे मृत्यु घडलेले आहेत. इंजिन जागेवर बसूनच चालू करावें, आणि चालू इंजिनाच्या ट्रॅक्टराखालीं कोणीं शिरूं नये.

मध्य प्रदेशांतील बुदनी येथें सन १९५५ मध्यें शेती-यंत्रांच्या शिक्षणासाठीं व परीक्षेसाठीं केंद्र सरकारनें संस्था काढली, ती आजही चालू आहे. ज्यांच्या घरीं ट्रॅक्टर आहे व मुलगा तरुण आहे, त्यांनीं अशा शिक्षणाची चौकशी अवश्य करावी. ज्या यंत्रावर घराची लक्षावधि रुपयांची रक्कम अडकते, तें चालविण्याची विद्या केवळ पाहून पाहून यावी ही अपेक्षा बरोबर नाहीं.

आमच्या पेरणीची हकीकत पुरी करतों. बैलांनीं ट्रॅक्टर सोडविला त्याच दिवशीं दुपारीं पाभर जोडली व तीन दिवसांत सारें रान पेरून झालें. पेटी उघडली नाहीं. पुढील एप्रिलांत काम नसतांना, दर ठरवून, क्लच मात्र उघडविला. प्लेटवर गंजाचे डाग होते, प्रेशर प्लेटचीं बोटें खालींवर झालीं होतीं, व फ्लायव्हीलच्या मध्यभागींचें लहान बेअरिंग कोरडें पडून अडकूं लागलें होतें. हें बेअरिंग अडकलें तर क्लच सुटूनही शाफ्ट फिरत राहतो, आणि गिअर खरखरतो. म्हणजे आमची तात्पुरती दुरुस्ती कायमची नव्हती. परंतु ती पेरणीच्या वेळीं पुरली, आणि खरी दुरुस्ती आमच्या सवडीनें झाली. वाफशांत उघडलेलें यंत्र व उन्हाळ्यांत उघडलेलें यंत्र यांच्या खर्चांत मजुरीपेक्षां पिकाचा फरक मोठा असतो.

मामांची मीं क्षमा मागितली. त्यांनीं ती हंसण्यावारी नेली. पण माझ्या मनांतून ती गोष्ट गेली नाहीं. तेव्हांपासून छपराच्या खांबास एक वही दोरीनें बांधलेली आहे. ट्रॅक्टरचा आवाज बदलला, पेडल हलकें-जड झालें, तेल कमी झालें, कीं मामा तारीख घालून ती नोंद आपल्या नातीकडून लिहवून घेतात, आणि दर रविवारीं मी ती वाचतों. वाचकांनीं आपल्या घरीं दुसरें कांहीं केलें नाहीं तरी ही वही अवश्य ठेवावी. यंत्र बिघडण्यापूर्वीं तें कोणास तरी सांगत असतें. आणि बहुधा तो मनुष्य मालक नसून दिवसभर त्यावर बसणारा चालक असतो.